नाल्याच्या कामासाठी 'परिवेश २.०': एका खिडकीतून किती परवानग्या मिळतात?

पर्जन्य जलवाहिनी, नाला रुंदीकरण, खाडीत उतरणारा आउटफॉल (नाल्याचे पाणी सोडणारे तोंड), पंपिंग स्टेशनचा फ्लडगेट. किनारपट्टीत यातले कोणतेही काम काढले की केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर यावेच लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये हे पोर्टल सुरू झाले आणि २०२२ पासून टप्प्याटप्प्याने २.० ही आवृत्ती आली. पर्यावरण, वन, वन्यजीव आणि सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) या चारही मंजुऱ्या एकाच खिडकीतून, असा त्याचा दावा आहे. इमारतवाले आणि खाणवाले या खिडकीबद्दल भरपूर बोलतात, नाल्यावाल्यांचे मात्र कुणी लिहीत नाही. म्हणून हे परीक्षण फक्त नाल्याच्या बाजूने. ते महापालिकेच्या अभियंत्यांसाठी, त्यांच्या सल्लागारांसाठी आणि मोठ्या ले-आउटमधले पाणी खाडीला किंवा ओढ्याला सोडावे लागणाऱ्या विकासकांसाठी आहे.

गुण पाचपैकी तीन. फाइल कुणाच्या टेबलावर आहे हे घरबसल्या दिसते, याचे दोन. बैठकीची कार्यक्रमपत्रिका आणि इतिवृत्त कुणालाही वाचता येते, याचा एक. उरलेले दोन कापले, कारण नाल्याच्या कामाला जिथे खरी अडचण येते ती जागा बहुतेक वेळा या खिडकीच्या बाहेर आहे आणि तसे खिडकीवर कुठे लिहिलेले नाही.

चारपैकी कोणती मंजुरी लागते, हा पहिला गोंधळ. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेच्या परिशिष्टात पर्जन्य जलवाहिनी हा प्रकारच नाही, त्यामुळे नुसत्या नाल्याला 'ईसी', म्हणजे पर्यावरण मंजुरी, लागत नाही. नाला २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पाचा भाग असेल, तर तो त्या प्रकल्पाच्या ईसीमध्ये दाखवावा. तरीही सल्लागार सावधगिरी म्हणून ईसीचा अर्ज टाकतात आणि 'लागू नाही' हे उत्तर येईपर्यंत एक पावसाळा जातो. पोर्टलवर 'नो युवर अप्रूव्हल' नावाची सोय आहे. प्रश्नांची उत्तरे भरली की कोणत्या मंजुऱ्या लागतील ते ती सांगते. पहिला अंदाज घ्यायला बरी, पण तुम्ही जागेची माहिती जेवढी अचूक भराल तेवढेच तिचे उत्तर बरोबर. नाल्याच्या शेवटच्या शंभर मीटरमध्ये कांदळे (खारफुटी) आहेत हे तुम्ही सांगितले नाही, तर तीही सांगणार नाही.

व्यवहारात किनाऱ्यालगतच्या नाल्याला सीआरझेड जवळपास नक्की, कांदळवन वन म्हणून अधिसूचित असेल तर वन मंजुरी, आणि अभयारण्य किंवा त्याचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र जवळ असेल तर वन्यजीव. ठाणे खाडीच्या पश्चिम काठावर ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यान २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. त्या पट्ट्यात आउटफॉल काढणाऱ्याने तिन्ही मंजुऱ्या गृहीत धरूनच वेळापत्रक आखावे.

सीआरझेडबद्दल थोडे सविस्तर, कारण इथेच नाल्याच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे आणि अर्जात ती लिहायची राहून जाते. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेत सीआरझेड-१बी, म्हणजे भरती-ओहोटीच्या मधला पट्टा, तिथे भराव आणि बांध घालायला मनाई आहे. पण काही मोजक्या कामांना मुभा आहे आणि त्यात 'पर्जन्य जलवाहिनी टाकणे' हे शब्दशः लिहिलेले आहे. सोबत भरती-नियंत्रक दरवाजेही आहेत. इतक्या कडक पट्ट्यात इतकी स्पष्ट मुभा फार कमी कामांना मिळते. तेव्हा अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात हे कलम आलेच पाहिजे.

आता याची दुसरी बाजू. नगरसेवकांच्या आग्रहाने म्हणा किंवा निधी एकत्र मिळतो म्हणून म्हणा, नाल्याच्या अंदाजपत्रकात काठावरचा सर्व्हिस रोड, जॉगिंग ट्रॅक, सुशोभीकरण आणि रोषणाई घुसते. मुभा जलवाहिनीला आहे, ट्रॅकला नाही. कामाचे नाव 'नाला विकास व सुशोभीकरण' असे पडले की छाननीत पहिला प्रश्न येतो: यातले सार्वजनिक गरजेचे किती आणि शोभेचे किती? दोन कामे, दोन अंदाजपत्रके, दोन अर्ज, असे केलेले बरे. शोभेचे काम अडकले तरी पाणी अडत नाही.

सीआरझेड नाल्यावर किती आत येतो, याचे उत्तर २०१९ च्या अधिसूचनेने सोपे केले आहे. भरतीचे पाणी शिरणाऱ्या खाडी-नाल्यांच्या काठाने ५० मीटर किंवा प्रवाहाची रुंदी, यातले जे कमी ते. बारा मीटर रुंदीच्या नाल्याला प्रत्येक काठावर बारा मीटर. ऐंशी मीटरच्या खाडीला पन्नास. जुन्या २०११ च्या अधिसूचनेत हा आकडा १०० मीटर होता आणि कार्यालयांतल्या अर्जाच्या जुन्या नमुन्यांमध्ये तो अजून शिल्लक असतो. नमुना उचलताना तेवढे बघून घ्या. प्रवाहाच्या दिशेने वर कुठपर्यंत, हे क्षारतेवरून ठरते: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता हजारी ५ भाग भरते तिथपर्यंत. पाण्याचे नमुने एप्रिल-मेमध्ये घ्यावे लागतात. ऑगस्टमध्ये घेतलेल्या नमुन्याने नाला गोडा ठरतो आणि तो अहवाल छाननीत टिकत नाही. ही एकच गोष्ट चुकली की पुढचा उन्हाळा येईपर्यंत थांबावे लागते.

आणखी एक शंका नेहमी विचारली जाते: तोंडाशी नवा दरवाजा बसवला तर भरतीरेषा दरवाजापर्यंत सरकते का? भरतीरेषा बांधाच्या किंवा दरवाजाच्या ओळीने धरायची सवलत १९९१ च्या पहिल्या अधिसूचनेच्या आधीपासून असलेल्या बांधांना आहे. नव्या दरवाजामागची जमीन सीआरझेडबाहेर पडत नाही. काठावरच्या जमीनमालकांना हे आधीच सांगितले तर नंतरची भांडणे वाचतात.

पोर्टलवरचा अर्ज दोन थरांचा आहे. आधी सगळ्या मंजुऱ्यांना सामाईक असलेला अर्ज, मग त्या त्या मंजुरीचा स्वतंत्र फॉर्म. कल्पना चांगली आहे. प्रकल्पाचे नाव, खर्च, जिल्हा, क्षेत्रफळ एकदाच भरायचे आणि सीआरझेड असो की वन, तीच माहिती पुढे जायची. पण त्यामुळे सामाईक अर्जात पडलेली चूकही सगळीकडे जाते. सर्वांत जास्त फिरणारी चूक क्षेत्रफळाची. सामाईक अर्जात ०.२५ हेक्टर, सीआरझेड नकाशावर २,६८० चौरस मीटर, वन विभागाच्या प्रस्तावात आणखी तिसरेच. प्रत्येक आकडा आपापल्या जागी बरोबर असतो, कारण एकाने नुसती नाल्याची पेटी मोजली, दुसऱ्याने भिंतीबाहेरचा फूटभर धरला, तिसऱ्याने रस्ता धरला. छाननी करणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. तो 'ईडीएस' काढतो, म्हणजे आवश्यक तपशिलाची मागणी, आणि फाइल तुमच्याकडे परत.

म्हणून क्षेत्रफळ आधी ठरवा आणि त्यात तात्पुरते क्षेत्रही धरा. समजा अडीच मीटर रुंदीची काँक्रीटची पेटी कांदळवनातून १२० मीटर न्यायची आहे. पेटीखाली जाणारी जागा ३०० चौरस मीटर. दोन्ही बाजूंना शटरिंगसाठी एकेक मीटर आणि एका बाजूला पोकलेन व डंपर जायला चार मीटर धरले, की पट्टा साडेआठ मीटरचा होतो आणि क्षेत्र १,०२० चौरस मीटर. म्हणजे तिपटीहून जास्त. प्रत्यक्षात कांदळे मरतात ती बहुधा या चार मीटरमध्ये, कारण तिथे मुरूम पडतो आणि त्यांची हवा घेणारी मुळे गाडली जातात. अर्जात ३०० दाखवून जागेवर १,०२० वापरले तर ते उल्लंघन. नुकसानीच्या बदल्यात किमान तिप्पट क्षेत्रावर कांदळ लागवडीची अट येते, तीही याच आकड्यावर मोजली जाते. उलट १,०२० बघून अनेकदा डिझाइनच बदलते: खुला चर खणून पेटी ओतण्याऐवजी तयार पेट्या काठावरून ढकलत न्यायच्या, किंवा आउटफॉल आधीच्याच मोकळ्या वाटेने काढायचा. हे शहाणपण टेंडरनंतर सुचले तर खर्च वाढतो.

केएमएल फाइल, म्हणजे गुगल अर्थसारख्या नकाशावर जागा दाखवणारी फाइल. नाला रेषा म्हणून काढू नका, बंद बहुभुज काढा. रेषेला क्षेत्रफळ नसते. सर्वेक्षण यूटीएममध्ये (मीटरमधल्या निर्देशांकांत) असेल तर कोकणपट्टी सगळी ४३ उत्तर विभागात येते. पोर्टलला मात्र डब्ल्यूजीएस-८४ चे, म्हणजे जीपीएस वापरते त्या पद्धतीचे, अक्षांश-रेखांश लागतात. अंश-मिनिटे-सेकंद दशांशात आणताना १९ अंश ०७ मिनिटे ३० सेकंद म्हणजे १९.१२५, १९.०७३० नव्हे. ०.००१ अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ मीटर, तेव्हा ही चूक काही किलोमीटरची होते आणि नाला भलत्याच उपनगरात जाऊन पडतो. अपलोड करण्याआधी फाइल गुगल अर्थमध्ये उघडून बघायला दोन मिनिटे लागतात.

सीआरझेड नकाशा १:४००० प्रमाणात, मंत्रालयाने ठरवलेल्या संस्थेकडूनच लागतो. मुंबई परिसरातली बरीच कामे चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातल्या रिमोट सेन्सिंग संस्थेकडे जातात. आता १:४००० म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर. तीन मीटरचा नाला या नकाशावर मिलिमीटरभरही भरत नाही, आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पेनाने काढलेली सीमारेषाच दोन मीटर जागा खाते. तेव्हा त्या नकाशावर 'नाला बफरच्या (संरक्षक पट्ट्याच्या) बाहेर आहे' असे मोघम बघून समाधान मानू नका. संस्थेला पीडीएफ न देता मोजणी केलेली, निर्देशांक असलेली कॅड फाइल द्या. प्रत्येक वळणबिंदूचे निर्देशांक आणि कोणत्या साखळीपासून (नाल्याच्या सुरुवातीपासून मोजलेल्या अंतरापासून) कोणत्या साखळीपर्यंत कोणता सीआरझेड वर्ग, याचा तक्ता त्यांच्या अहवालातच मागून घ्या. सोबत १:५०० चा आराखडा जोडा. शिवाय प्रकल्पाभोवतीच्या ७ किलोमीटर त्रिज्येचा सीआरझेड नकाशाही लागतो. तो शेवटी आठवतो आणि त्याच संस्थेकडे पुन्हा रांग लावावी लागते. एकाच वर्क ऑर्डरमध्ये दोन्ही टाका.

पोर्टलच्या कागदपत्रांत जलद ईआयए अहवालही येतो, जमिनीचा आणि सागरी असा दोन्ही भागांचा. इमारती आणि गृहनिर्माण योजनांना यातून सूट आहे, नाल्याला नाही. 'छोटे काम आहे, साधी टिपणी चालेल' असे समजून पाठवलेले प्रस्ताव परत येतात.

आता पातळ्यांचा घोळ. उंची ज्या शून्य पातळीपासून मोजतात तो डेटम. महापालिकेचे तळमाप टाउन हॉल डेटममध्ये, भरतीचे तक्ते चार्ट डेटममध्ये आणि सल्लागाराची मोजणी सरासरी समुद्रपातळीवरून. एकाच उभ्या छेदात तिन्ही आली की नाल्याचा तळ भरतीच्या वर आहे की खाली, हेच कळत नाही. सगळे एका डेटममध्ये आणा आणि रूपांतराचा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात लिहा. तज्ज्ञ समितीत एखादा बंदर अभियंता असला तर त्याचा पहिला प्रश्न इथूनच येतो.

हा प्रश्न नुसता कागदी नाही. मुंबईच्या १८६ आउटफॉलपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत आणि उधाणाच्या भरतीच्या वर केवळ सहा. म्हणजे बहुतेक नाल्यांचे तोंड दिवसातून दोनदा समुद्रच बंद करतो. मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने जुन्या तासाला २५ मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर पाऊस धरायला सांगितले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडल्यावर त्या अहवालातली कामे मार्गी लागली. हिशोब सोपा आहे: पाणलोट हेक्टरमध्ये, पाऊस तासाला मिलिमीटरमध्ये, वाहगुणांक (पावसातला वाहून जाणारा हिस्सा), यांचा गुणाकार करून ३६० ने भागा. शंभर हेक्टर, ५० मिलिमीटर, गुणांक १ धरला तर १३.९ घनमीटर प्रति सेकंद. २५ मिलिमीटरला ६.९. दीड मीटर प्रति सेकंद वेग धरला तर साधारण सव्वानऊ चौरस मीटरचा छेद, म्हणजे तीन मीटर पाण्याच्या खोलीला तीन मीटरपेक्षा थोडी जास्त रुंदी.

हा हिशोब अर्जात असतो. नसतो तो पुढचा: भरती लागलेली असताना हे पाणी कुठे जाणार? तोंड बंद असेल तर रुंदी दुप्पट केल्याने निचरा दुप्पट होत नाही, फक्त साठवण वाढते. दरवाजा नसेल तर रुंद केलेल्या नाल्यातून भरतीच आत जास्त शिरते. म्हणून समिती पर्याय विचारते: साठवण तलाव, पंप, दरवाजा, वरच्या बाजूला पाणी मुरवणे. पर्यायांचे एक पान हिशोबासकट आधीच जोडले असेल तर 'एडीएस', म्हणजे समितीकडून येणारी जादा तपशिलाची मागणी, टळण्याची शक्यता बरीच. पंपिंग स्टेशनच्या बाबतीत जागेचे कागद त्याहून महत्त्वाचे. मुंबईत हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझधरबंध झाली. मोगरा आणि माहुल वर्षानुवर्षे रेंगाळली, त्यात जागेचा प्रश्न मोठा होता.

आउटफॉलच्या तोंडाचे चित्र मोठे करून जोडा. खाडीच्या मऊ गाळात सेकंदाला मीटरभर वेगाचा झोतही खड्डा पाडतो, खड्डा मागे सरकतो आणि दोन पावसाळ्यांत पेटीचे टोक लोंबकळते. दगडी फरसबंदी किंवा गॅबियन (दगड भरलेल्या जाळ्या), त्याआधी वेग मोडणारी उंचवट्यांची ओळ आणि टोकाला खोल पडदी. काठाला सलग भिंत बांधायची असेल तर मागच्या कांदळांना भरतीचे पाणी मिळेल अशी भोके खालच्या पातळीला ठेवा. सलग भिंतीमागची तिवरे कुणी न तोडताही वाळतात, आणि 'भरतीचे पाणी अडवू नये' ही अट जवळपास प्रत्येक मंजुरीत असते.

मे महिन्यात नाल्यात पाणी असेल तर ते पावसाचे नाही. पर्जन्य जलवाहिनी म्हणून अर्ज करायचा आणि जागेच्या फोटोत काळे पाणी वाहताना दिसायचे, ही विसंगती छाननीत लगेच पकडली जाते. कोरड्या हंगामातले सांडपाणी अडवून मलवाहिनीकडे वळवण्याची सोय त्याच प्रस्तावात, पंपाच्या क्षमतेसकट दाखवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रश्नही तिथेच मिटतो.

आता खिडकीबाहेरचे. यातले सर्वांत मोठे उच्च न्यायालय. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडीवर बंदी घातली. सार्वजनिक हिताच्या कामालाही न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. सीआरझेड आणि वन अशा दोन्ही मंजुऱ्या हातात असल्या तरी त्याशिवाय एक फांदी हलवता येत नाही. पोर्टलवर हिरवी खूण दिसते आणि कंत्राटदार मशीन आणतो, इथे गुन्हा दाखल होतो. शिवाय दोन्हीकडचा बफर सारखा नाही. सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे ५० मीटरचा बफर १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाला, आणि त्यात जलवाहक यंत्रणांसारख्या सार्वजनिक सोयींना वाव आहे. न्यायालयाने मात्र सगळ्याच कांदळांभोवती ५० मीटर धरले आहे आणि खासगी जमिनीवरची कांदळेही बंदीतून सुटत नाहीत. सीआरझेड नकाशा काढणारी संस्था पहिला नियम लावते. दुसरा बफर तुम्हालाच काढावा लागेल. तो वेगळ्या रंगाने त्याच १:५०० आराखड्यावर काढा, म्हणजे वकिलालाही तोच कागद देता येतो.

वन विभागाच्या कांदळवन कक्षाबरोबरची संयुक्त पाहणी अर्जाआधीच उरकावी. झाडे जातीवार मोजली जातात: तिवर, कांदळ, चिपी. रोपांचाही हिशोब ठेवतात. पाहणी ओहोटीला ठेवा, भरतीच्या वेळी अर्धी रोपे पाण्याखाली असतात आणि आकडा दुसऱ्यांदा बदलतो.

वन मंजुरीचा फॉर्म पोर्टलवर आहे, पण त्याला लागणारे वन हक्क कायद्याचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडून आणावे लागते. एक हेक्टरखालच्या सार्वजनिक सोयींना त्या कायद्यात जी सोपी वाट आहे, तिच्यात शाळा, रस्ते, पाण्याच्या नळवाहिन्या, लहान कालवे अशी १३ कामे मोजून दिली आहेत. पर्जन्य जलवाहिनी त्यात नाही. 'जलवाहिनी' या एका शब्दावरून तिला नळवाहिनीत बसवण्याचा प्रयत्न करू नका. पहिल्या टप्प्याची तत्त्वतः मंजुरी, मग पैसे भरणे आणि अटींची पूर्तता, मग अंतिम मंजुरी, हा क्रम धरूनच चाला.

समुद्र नसलेल्या जिल्ह्यांत हे पोर्टल नाल्याच्या उपयोगाचे फारसे नाही. पुण्याच्या आंबिल ओढ्यासारख्या ठिकाणी, जिथे २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुराने माणसे नेली, चारपैकी बहुधा एकही मंजुरी लागू होत नाही. तिथे चालते ती जलसंपदा विभागाची पूररेषा: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई, निळ्या-लालच्या मध्ये नियंत्रण. ओढ्याची भिंत प्रवाहाचा छेद कमी करते की नाही, याची तपासणी आणि ना हरकत त्या विभागाकडून घ्यायची, वृक्ष प्राधिकरणाची वेगळी. जवळ अधिसूचित पाणथळ असेल तर २०१७ च्या पाणथळ नियमांप्रमाणे गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी उच्च पूरपातळीपासून ५० मीटरपर्यंत पक्के बांधकाम चालत नाही आणि शहराचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडता येत नाही. हे नियम सीआरझेडमधल्या आणि वनातल्या पाणथळींना लागू नाहीत, तिथे आपापले कायदे आहेत. यातले काहीही पोर्टल सांगत नाही. त्याची ती जबाबदारीही नाही म्हणा, पण मग 'एक खिडकी' हे नाव जरा जपून वापरायला हवे.

वेळेबद्दल. राज्याच्या किनारा प्राधिकरणाला, म्हणजे आपल्याकडे एमसीझेडएमएला, शिफारशीसाठी ६० दिवस आणि पुढे मंत्रालयाला ६० दिवस, असे अधिसूचना म्हणते. सीआरझेड-१ (कांदळवनासारख्या संवेदनशील जागा आणि भरती-ओहोटीचा पट्टा) आणि ४ (पाण्याचा भाग) मधली कामे साधारणपणे दिल्लीला जातात. पण हे दिवस परिपूर्ण अर्जापासून मोजायचे. प्रत्येक ईडीएसला घड्याळ थांबते आणि ते तुमच्या उत्तरावर सुरू होते. नाल्याचे काम ऑक्टोबर ते मे एवढेच चालते, त्यामुळे मंजुरी एप्रिलमध्ये मिळाली काय आणि ऑगस्टमध्ये मिळाली काय, हंगाम तोच. क्षारता आणि कांदळ मोजणी एका उन्हाळ्यात, अर्ज जूनपर्यंत, आणि टेंडर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरचे, हे वेळापत्रक प्रामाणिक आहे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरचे टेंडर काढणे म्हणजे भाववाढीचा दावा आपल्या हाताने लिहून देणे.

खाते उघडताना सल्लागाराचा ईमेल आणि मोबाइल देऊ नका. सल्लागार बदलतो, ओटीपी त्याच्याच फोनवर जातो. कार्यकारी अभियंत्याचा वैयक्तिक पत्ताही नको, बदली होते. विभागाचा सामाईक ईमेल आणि कार्यालयातच राहणारे सिमकार्ड. नकाशे स्कॅन करून चढवू नका. कॅडमधून थेट पीडीएफ काढली तर फाइल लहान होते आणि मोठे करून बघितले तरी आकडे वाचता येतात. मागच्या बैठकांची इतिवृत्ते मात्र वाचा. नाल्यांच्या दहा प्रस्तावांवर काय विचारले गेले हे तिथे फुकट मिळते आणि पोर्टलचा सर्वांत मोठा फायदा तोच आहे.

मंजुरीनंतर दर वर्षी १ जून आणि ३१ डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. कंत्राटदाराचे शेवटचे बिल निघाले की तो कुणी लिहायचा हे ठरलेले नसते, म्हणून ती बाब देखभाल कंत्राटात घाला. त्याच साखळ्यांवरून, ओहोटीच्या वेळी काढलेले फोटो, लावलेल्या कांदळांपैकी जगलेल्यांची संख्या आणि राडारोडा कुठे टाकला त्याच्या पावत्या, एवढे पुरते. शेवटचा मुद्दा सहज घेऊ नका. नाल्याचा गाळ काठावरच्या कांदळांवर टाकल्याची तक्रार सर्वांत सोपी असते, फोटो कुणीही काढतो, आणि १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याखाली दंड १०,००० रुपयांपासून १५ लाखांपर्यंत जातो.